साहेबांनी ‘अंतिम’ लिहिले, तरी तीस दिवस तुमचे आहेत

वाचकाचे पत्र

नमस्कार साहेब,

मी करवीर तालुक्यातला नोंदणीकृत ठेकेदार. चौदा वर्षे सरकारी कामे करतोय. नदीकाठच्या एका गावचा दोन किलोमीटर रस्ता आणि दोन मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायचे छोटे पूल) असे काम सरकारी बांधकामांच्या बी-१ या छापील नमुन्याच्या निविदेतून घेतले होते. अंदाजपत्रक ९१ लाखांचे, मी साडेपाच टक्के कमी भरले, म्हणजे ८६ लाखांना काम आले. १२ फेब्रुवारी २०२४ ला कार्यारंभ आदेश मिळाला, मुदत पावसाळ्यासह नऊ महिने. मार्चमध्ये आचारसंहिता लागली, जुलैत पूर आला, विजेचे खांब तर १४ जानेवारी २०२५ पर्यंत हललेच नाहीत. खांब हलल्यावर बांधकाम विभागाचे साहेब जागेवर आले आणि म्हणाले, पाइपची मोरी पुरात टिकणार नाही, स्लॅबची करा, नकाशा पाठवतो. नकाशा ३ मार्चला हातात पडला, मोरी मी केली. काम २० जून २०२५ ला पूर्ण झाले.

आता मुदतवाढ नाकारून ९ लाख १० हजार दंड लावलाय आणि मोरीचे जादा ११ लाख ४० हजार नामंजूर केलेत. अधीक्षक अभियंत्यांचे पत्र ६ नोव्हेंबर २०२५ ला मिळाले, त्यात ‘सदर निर्णय अंतिम व बंधनकारक राहील’ असे लिहिले आहे. शेवटचे बिल १४ लाखांचे अडकले आहे. ते हवे असेल तर ‘माझा कोणताही दावा शिल्लक नाही’ असे लिहून द्या म्हणतात. डेप्युटी साहेब म्हणाले, “उगं कशाला वरच्यांशी वैर घेताय, पुढची कामं बघा की.” एक मित्र म्हणतो लवाद मागा. दुसरा म्हणतो आता हायकोर्टच कोल्हापुरात आलंय, थेट रिट घाला. बायकोचे सोने बँकेत गहाण आहे. काय करावे ते सुचत नाही.

एक ठेकेदार, करवीर

उत्तर

नमस्कार,

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेले कागद दोनदा वाचले आणि सगळ्यांत आधी कॅलेंडर काढले. तुम्हीही तेच करा. बाकीचे सगळे नंतर.

बी-१ करारनाम्याच्या कलम ३० मध्ये अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम असतो असे लिहिलेले आहे, हे खरे. ते वाक्य तुम्हाला आलेल्या आदेशात तसेच्या तसे उतरवले आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात पुढची पायरी दिली आहे आणि ती आदेशात उतरवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ठेकेदाराला मुख्य अभियंत्यांकडे अपील करता येते. अटी दोनच. स्वीकृत निविदेची रक्कम १० लाखांच्या वर असावी आणि दावा १ लाखापेक्षा कमी नसावा. तुमचे काम ८६ लाखांचे आणि दावा साडेवीस लाखांचा, म्हणजे दोन्ही अटींत तुम्ही बसता. मुख्य अभियंत्यांनीही नकार दिला तर त्यांचा आदेश मिळाल्यापासून पुन्हा तीस दिवसांत विभागाच्या सचिवांकडे जाता येते. दावा क्षुल्लक नाही, त्यात काही तथ्य आहे असे सचिवांना सकृद्दर्शनी वाटले, तर ते प्रकरण शासन स्तरावरच्या स्थायी समितीपुढे ठेवतात. हे सगळे तुमच्याच सहीच्या करारनाम्यात आहे. तरीही तुमच्या प्रतीतले कलम ३० स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कारण छापील नमुन्याला जोडलेल्या जादा अटींत कधी कधी फेरफार असतात. जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळे यांच्या करारांत तर पायऱ्या आणि अधिकारीही वेगळे असू शकतात.

आता तारीख. आदेश ६ नोव्हेंबरला मिळाला, म्हणजे तिसावा दिवस ६ डिसेंबर. त्या दिवशी शनिवार आहे आणि शनिवारी सरकारी कार्यालये बंद. शिवाय तो महापरिनिर्वाण दिन. सोमवारी नेऊन दिले तरी चालेल असे कोणी म्हणेल, कदाचित चालेलही. पण साडेवीस लाखांचा प्रश्न ‘कदाचित’वर टांगू नका. अपील १ डिसेंबरच्या सोमवारी हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या आणि त्याच दिवशी एक प्रत स्पीड पोस्टनेही पाठवा. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफा जपून ठेवा. हातात दिला असेल तर विभागाच्या पुस्तकात तुम्ही कोणत्या तारखेला सही केली ते बघून घ्या. पत्रावरची तारीख आणि मिळाल्याची तारीख यांत बरेचदा आठ-दहा दिवसांचे अंतर असते, आणि मुदत मोजायची ती मिळाल्यापासून.

दुसरी गोष्ट, जिच्यात आपल्याकडचे नव्वद टक्के ठेकेदार चुकतात असे मला अभियंता म्हणून माझ्या नोकरीत दिसत आले. ते अपिलाच्या जागी विनंती अर्ज लिहितात. ‘महोदय, मी गरीब ठेकेदार असून, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ असल्या अर्जावर ‘फाइल करावे’ असा शेरा मारणे फार सोपे असते. मी ते शेरे पाहिले आहेत आणि खालच्या टेबलावर असताना तसे प्रस्ताव लिहिलेही आहेत. पहिल्याच ओळीत लिहा: करारनाम्याच्या कलम ३०(२) अन्वये अपील. खाली अधीक्षक अभियंत्यांच्या आदेशाचा जावक क्रमांक, त्याची तारीख आणि तो मिळाल्याची तारीख. मग हकिगत, मग प्रत्येक दाव्याची रक्कम आणि ती कशी काढली त्याचा हिशेब, मग आदेशात नेमके काय चुकले ते, आणि शेवटी नेमके काय हवे ते. समक्ष सुनावणी मागायला विसरू नका. प्रत्येक विधानापुढे सोबतच्या कागदाचा पान क्रमांक हवा. मुख्य अभियंता स्वतः तुमची फाइल उघडतील त्याआधी त्यांच्या कार्यालयातला कोणीतरी कनिष्ठ माणूस ती चाळून टिपण लिहिणार आहे. त्याला दहा मिनिटांत सगळे सापडले पाहिजे.

दंडाकडे वळतो. उशीर एकूण २२१ दिवसांचा, ११ नोव्हेंबर २०२४ पासून २० जून २०२५ पर्यंत. हे दिवस कोणाच्या खात्यावर पडतात ते तुम्हाला दिवसागणिक मांडावे लागेल.

आचारसंहितेचा मुद्दा काढून टाका. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि तुमचे काम त्याआधीच जागेवर सुरू झालेले होते. सुरू असलेली कामे आचारसंहितेने थांबत नाहीत हे टिपण लिहिणाऱ्याला पाठ असते. एक खोटा मुद्दा दिसला की तो खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने बघतो.

पुराचे दिवस मात्र ठामपणे मागा, पण नीट मागा. तुमची मुदत ‘पावसाळ्यासह’ होती, म्हणजे नुसता पाऊस होता म्हणून दिवस मिळणार नाहीत. पाऊस येणारच हे धरून तुम्ही दर भरलेत असे ते म्हणणार आणि ते बरोबर असेल. वेगळेपण पुराचे आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात नदी धोका पातळीच्या वर गेली होती हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसांची पाटबंधारे खात्याची रोजची पूरपत्रके मिळवा, कृषी विभागाकडच्या मंडलनिहाय पावसाच्या नोंदी काढा, तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घ्या. गावात बायकापोरांना जनावरांसकट हलवले होते त्याच दिवसांत तुम्ही मुरूम पसरून रोलर फिरवायला हवा होता असे कोणीही कागदावर लिहिणार नाही, पण तुम्ही पुरावा लावलात तरच. २५ जुलै ते ३१ ऑगस्ट असे ३८ दिवस तुम्ही लिहिलेत. पाणी ओसरल्यावर भराव वाळेपर्यंतचे दिवस त्यात आहेत. हे टिकेल, कारण तुमचे २ ऑगस्टचे मुदतवाढीचे पत्र पोच घेऊन दिलेले आहे. कलम ६ प्रमाणे अडचण आल्यापासून तीस दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, यांतले जे आधी येईल तेव्हा, कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करावा लागतो. तो तुम्ही पुरासाठी केलात, हे फार बरे झाले.

खांबांसाठी केला नाहीत. तुमच्या बाजूची सगळ्यांत कच्ची जागा ही. पण खांब हलवून जागा मोकळी करून देणे विभागाचे काम होते आणि त्यासाठी विभागाने वीज कंपनीला स्वतः पत्रे लिहिली असणार, पैसे भरले असणार. ती पत्रे म्हणजे विभागाच्याच सहीचा तुमच्या बाजूचा पुरावा. माहितीच्या अधिकारात ती मागा. दहा रुपयांचा स्टॅम्प, दोन रुपये पान. फाइल बघायला मागा, नुसत्या प्रती मागू नका. फाइल बघताना मुदतवाढीच्या प्रस्तावावर शाखा अभियंता आणि उपअभियंत्यांनी काय शिफारस केली होती ते शोधा. खालून ‘मुदतवाढ द्यावी’ अशी शिफारस गेलेली असते आणि वर ती कारण न देता नाकारलेली असते, असे मी अनेकदा पाहिले आहे. माहिती अधिकाराचे उत्तर यायलाच तीस दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी अपील थांबवू नका. ‘कागद मिळताच पुरवणी म्हणून सादर करीन’ असे अपिलातच लिहा.

१ सप्टेंबर ते १४ जानेवारी असे खांबांचे १३६ दिवस होतात. ते सगळे मागू नका. खांब सहाशे मीटरच्या पट्ट्यात होते, मग उरलेल्या चौदाशे मीटरवर तुम्ही काय करत होता, हा प्रश्न येणारच. तुमच्या बिलांवरून त्या काळात खडीकरण आणि साइडपट्ट्यांचे काम झालेले दिसते, ते दाखवा आणि खरोखर अडलेले ११० दिवस मागा. मोरीचा नकाशा तोंडी सांगितल्यापासून, म्हणजे १८ जानेवारीपासून ३ मार्चपर्यंत आला नाही, ते ४४ दिवस. बेरीज १९२. उरले २९ दिवस. तुम्हीच लिहिले आहे की हॉटमिक्स (डांबर-खडी मिसळणारा) प्लांट बंद पडला होता. ते दिवस तुमचे आहेत, तसे लिहा.

यात एक धोका आहे तो सांगतो. कलम २ प्रमाणे उशिराची भरपाई, म्हणजे तुम्ही जिला दंड म्हणता ती, अंदाजपत्रकी रकमेच्या दररोज एक टक्का लावता येते, कमाल दहा टक्के. म्हणजे दहा दिवसांतच कमाल गाठली जाते, म्हणून तुम्हाला ९१ लाखांचे दहा टक्के लावले. २९ दिवस कबूल केले तर दंड तेवढाच राहील अशी भीती तुम्हाला वाटेल. पण त्याच कलमात एक टक्का ‘अथवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती त्याहून कमी रक्कम’ असे शब्द आहेत. हे शब्द पक्के धरा. १९२ दिवसांची मुदतवाढ द्यावी ही पहिली मागणी. उरलेल्या २९ दिवसांसाठी, रस्ता पूर्ण झाला, वापरात आला, विभागाचे कोणतेही नुकसान आदेशात दाखवलेले नाही, म्हणून नाममात्र रक्कम लावावी ही दुसरी. करार कायद्याच्या कलम ७४ खाली भरपाई ‘वाजवी’ असावी लागते आणि ती नुकसानीशी जोडलेली असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सांगितले आहे. आणि उशिराला जबाबदार कोण हे विभागाने स्वतःच ठरवून टाकले असेल, तर २०११ चा जे. जी. इंजिनिअर्स विरुद्ध भारत सरकार हा निकाल लावा. नुकसान किती ते ठरवण्याचा अधिकार करार एखाद्या अधिकाऱ्याला देऊ शकतो, पण करार मोडला कोणी हा वादाचा मुद्दा एकट्या एका पक्षाने निकालात काढायचा नसतो, असे त्यात आहे. अपिलात हे दोन निकाल पुरेत. वीस निकालांची यादी जोडू नका.

आता मोरी. इथे मला थोडे माझ्याबद्दल लिहावे लागेल.

नव्वदच्या दशकात मी शाखा अभियंता असताना घाटातल्या एका रस्त्यावर संरक्षक भिंतीचे काम चालू होते. डोंगर थोडा खचला. मी ठेकेदाराला जागेवर म्हणालो, भिंत मीटरभर वर घ्या, कागदाचे मी बघतो. मनापासून म्हणालो होतो, आणि भिंत वर घेणे गरजेचेच होते. कागद तयार व्हायच्या आत माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने, लेखी आदेश नाही म्हणून, ते माप एमबीत (मोजमाप पुस्तकात) घेतले नाही. दोन वर्षांनी तो माणूस माझ्या घरी आला. मी त्याला लेखी दिले की होय, मी सांगितले होते. अपिलात विचारले गेले, त्या वेळचा कागद कुठे आहे? त्याला पैसे मिळाले नाहीत. ती भिंत आजही उभी आहे. त्या रस्त्याने जाताना मला अजून तिच्याकडे नीट बघवत नाही.

म्हणून तुमच्या मोरीकडे मी फार काळजीने बघतो. कलम १४ प्रमाणे बदल लेखी सांगायला हवा. तुमच्याकडे लेखी आदेश नाही, पण तुमची अवस्था माझ्या त्या ठेकेदारापेक्षा पुष्कळ बरी आहे. ३ मार्चला विभागाने सहीचा नकाशा दिला. नकाशा हा कागदच आहे. सूचना न देता कोणी नकाशा देत नाही. साइटवरच्या ऑर्डर बुकात त्या दिवसांत काय नोंद आहे ते बघा. सळईची तपासणी, काँक्रीटचे क्यूब टेस्टचे अहवाल, ओतकामाच्या दिवशी हजर असलेल्या अभियंत्याची सही, हे सगळे गोळा करा. एमबीत स्लॅबच्या मोरीची मापे घेतली आहेत का? घेतली असतील तर अर्धी लढाई झाली, कारण विभागाने काम मोजले आणि स्वीकारले असा त्याचा अर्थ होतो. पाइपची मोरी झालीच नाही, तिचे पैसे वजा करा, आणि उरलेल्याचा दर त्या वर्षीच्या एसएसआरप्रमाणे (शासनाच्या दरसूचीप्रमाणे), तुमची साडेपाच टक्के कमी धरून काढा. तुमच्या ११ लाख ४० हजारांत पाइप मोरीची वजावट दिसत नाही. ती आधी करा. दावा थोडा उतरेल, पण कोणी बोट ठेवू शकणार नाही.

त्याखाली पर्यायी मुद्दा म्हणून करार कायद्याचे कलम ७० लिहा. फुकट करण्याचा इरादा नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या १९६१ च्या निकालात अशाच एका ठेकेदाराला, अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून रीतसर करार नसताना केलेल्या बांधकामाचे पैसे मिळाले. तुमच्याकडे करार आहे, म्हणून कराराबाहेरचे हे कलम पहिला आधार म्हणून चालणार नाही. दुसरा म्हणून ठेवा.

‘कोणताही दावा शिल्लक नाही’ या कागदावर सही करू नका. १४ लाखांसाठी साडेवीस लाख सोडून देण्याचा तो कागद आहे. बिलावर सही करावीच लागली तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा, ‘कलम ३० खालील माझे दावे राखून, निषेधासह स्वीकारले’. तसे लिहू देत नसतील तर नाइलाजाने सही करून त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, पत्र द्या की पैशांची निकड असताना ही अट घालून सही घेतली गेली. बँकेचे सोनेतारणाचे कागद त्या पत्राला जोडा. दबावाखाली घेतलेली अशी पावती दावा संपवत नाही हे २००८ च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणात मान्य झाले आहे. पण नुसते ‘दबाव होता’ म्हणून भागत नाही, दबाव त्या वेळीच कागदावर आलेला असावा लागतो. वादात नसलेले १४ लाख वेगळे काढून ताबडतोब द्यावेत, ही मागणी अपिलातही घाला.

लवादाबद्दल तुमच्या मित्राला सांगा की कलम ३० हा लवादाचा करार नाही. विभागाच्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, एवढ्यानेच तो लवाद होत नाही, हे टिपर चंद प्रकरणात १९८० मध्ये आणि पुढे दशरथराम रेड्डी प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तुमच्या जादा अटींत लवादाचे वेगळे कलम असेल तरच तो रस्ता. नसेल तर पायऱ्या संपल्यावर दिवाणी दावा.

दुसऱ्या मित्राचा उत्साह मला समजतो. चाळीसहून अधिक वर्षे आपण हायकोर्टाचे खंडपीठ मागत होतो आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंच खरोखर सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या माणसांची मुंबईची फेरी वाचली. पण खांब किती दिवस उभे होते, मोरीत किती घनमीटर काँक्रीट गेले, असल्या वस्तुस्थितीच्या वादात रिट याचिकेत उच्च न्यायालय सहसा शिरत नाही, आणि करारातली अपिलाची पायरी न चढता गेलात तर तिकडून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. रिटचा उपयोग दुसरीकडे होईल. मुख्य अभियंत्यांनी सहा-आठ महिने अपिलावर काहीच केले नाही तर ‘अमुक दिवसांत निर्णय द्या’ असा आदेश मागता येतो. किंवा उद्या तुम्हाला नोटीस न देता काळ्या यादीत टाकले, तर. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणानुसार कारणे दाखवा नोटिशीतच काळ्या यादीचा उल्लेख असावा लागतो.

दिवाणी दाव्याची वेळ आली तर तो बांधकामाच्या कराराचा, तीन लाखांवरचा, म्हणून कमर्शियल कोर्टात जाईल. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सरकारविरुद्धच्या दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. तेव्हा वकील लागेलच. खरे तर अपिलाचा मसुदाही बांधकाम करारांची कामे करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. त्याची फी या रकमेपुढे फार नाही.

आणि इथे मुदतीचे दुसरे घड्याळ चालू आहे, जे अपिलाच्या कागदांत कुठेच दिसत नाही. असा दावा लावायला साधारण तीन वर्षे मिळतात. दंड कापला, काम पूर्ण झाले किंवा मागणी नाकारली त्या तारखेपासून ती धावायला लागतात. नेमकी कोणती तारीख हा वकिलांच्या वादाचा भाग आहे, म्हणून सर्वांत आधीची धरा: २० जून २०२५. म्हणजे २० जून २०२८ च्या बरेच आधी दावा दाखल व्हायला हवा. विभागाशी पत्रव्यवहार चालू आहे, साहेब ‘बघतो’ म्हणालेत, फाइल मंत्रालयात आहे, यातल्या कशानेही ही मुदत वाढत नाही. २०१९ च्या जिओ मिलर निकालातही स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही असेच ठरले. सचिवांकडच्या अपिलाचे उत्तर येईल येईल म्हणून तीन वर्षे बसलेली आणि मग हात रिकामे घेऊन परतलेली माणसे मी पाहिली आहेत. २०२७ ची दिवाळी झाली आणि निर्णय आला नसेल, तर कलम ८० ची नोटीस पाठवा.

डेप्युटी साहेब जे म्हणाले त्याचे काय? ते वाईट हेतूने म्हणाले नसतील. कार्यालयात अपील म्हणजे भांडण असा एक समज आहे आणि मीही बरीच वर्षे त्यातच होतो. पण अपील ही करारातली पायरी आहे, तुमच्या आणि शासनाच्या दोघांच्या सहीची. अपिलाची भाषा त्यामुळे सांभाळा. कोणाच्या नावाने आरोप करू नका, कोणी पैसे मागितल्याचा पुरावा नसेल तर तसे सुचवूही नका, ज्या अभियंत्यांनी काम चांगले करून घेतले त्यांचा तसा उल्लेख करा. ज्यांनी मोरी बदलायला सांगितली त्या साहेबांना आधी फोन करून सांगा की अपील करतोय आणि त्यात तुमचे नाव आदराने आहे. ते अजून इथेच असतील तर एक ओळ लेखी मागून बघा. बदली झाल्यावर मागू नका, त्याची किंमत मी पाहिली आहे.

घरात बायकोला ही तारखेची गोष्ट सांगा. १ डिसेंबर आणि २०२७ ची दिवाळी. तुम्ही साइटवर असाल, विसराल, त्या विसरणार नाहीत.

आणि तुमच्या मुकादमाकडे रोजच्या मजुरांची वही असेल, कोणत्या दिवशी किती माणसे आणि कुठल्या चेनेजला (रस्त्याच्या कितव्या मीटरला) काम, असे पेन्सिलीने लिहिलेली. पुराच्या आठवड्यात त्या पानांवर ‘पाणी, काम बंद’ असे असेल. ती वही आज संध्याकाळीच मागून घ्या आणि पेन्सिल पुसट व्हायच्या आत प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.